अँटवर्पचें लहानसें पथक

यशाचें माप केवळ पदकांनींच करावें काय? या प्रश्नाचें उत्तर 1920 सालचें एक लहानसें पथक देतें.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनीं तेथील शर्यतींत शेतकऱ्यांचीं मुलें अनवाणी धावतांना पाहिलीं. शास्त्रोक्त शिक्षण नसतांही त्यांचा वेग युरोपियन धावपटूंच्या तोडीचा आहे, असें टाटांस आढळलें. त्यांच्या पुढाकारानें बेल्जममधील अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांसाठीं चार धावपटू व दोन मल्ल निवडले गेले.

त्यांपैकीं बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यतींत उतरले. ती शर्यत सुमारें साडेसव्वीस मैलांची. राहात्याहून शिर्डीस चार वेळां जाऊन यावें, जवळजवळ तितकी! फिनलंडच्या कोलेहमायनेन यांनीं ती 2 तास 32 मिनिटांत जिंकली. चौगुले 2 तास 50 मिनिटांत पोंचून एकोणिसावे आले. मल्ल रणधीर शिंदे कांस्यपदकाची लढत हरून चौथे राहिले. पथक रित्या हातांनीं परतलें.

परंतु त्या प्रवासानें वाट पडली. 1927 सालीं भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन होऊन टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढें 1952 सालीं हेलसिंकी येथें कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक पदक होय.

तात्पर्य, बक्षिसांच्या यादींत नांव नसलें म्हणून श्रम वायां जात नाहींत. पालकांनींही मुलांचें प्रगतिपत्रक हातीं घेतांना हा एकोणिसावा धावपटू आठवावा.