मशीनचे दार लागते, पण लॉक होत नाही : बिल भरण्यापूर्वी हे तपासा

समोरून उघडणारे, म्हणजे फ्रंट लोड वॉशिंग मशीन आता केवळ ऐपतदारांच्या घरातली चीज राहिलेली नाही. लग्नाच्या हॉलचे टेबलक्लॉथ, लहान हॉटेलांचे टॉवेल व चादरी, दवाखान्यांचे पडदे धुऊन देण्याचे काम आपल्या वस्तीतील अनेक तरुण व काही भगिनी घरातल्या एका मशीनवर करतात. आम्ही कापडवाले मंडळीही असे मशीन दुकानामागे ठेवतो. नवा माल उचलण्यापूर्वी नमुन्यावर ५० सेंटिमीटरची खूण करून तो धुवावा, वाळवावा व पुन्हा मोजावा. ४८ भरला तर ४ टक्के आटला, असा सरळ हिशोब. व्यापाऱ्याच्या तोंडी खात्रीपेक्षा ही धुलाई अधिक खरे बोलते.

असे मशीन एके दिवशी दार लावल्यावर लॉकच होत नाही. कपडे आत, पावडर आत, बटण दाबले की थोडी टकटक आणि मग पडद्यावर खुणेची अक्षरे. एलजीच्या मशीनवर ‘डीई’, सॅमसंगच्या नव्या मशीनवर ‘डीसी’ असे काहीसे दिसते. ज्याचे पोट या मशीनवर आहे त्याचा दिवस गेला. मग घाईने मेकॅनिक येतो, दोन मिनिटे पाहतो आणि सांगतो की पीसीबी, म्हणजे मशीनचे इलेक्ट्रॉनिक कार्ड गेले. दाराचे लॉक सहसा काहीशे रुपयांत मिळते, कार्डाला मात्र काही हजार मोजावे लागतात. दोष खरोखर कार्डात असेल तर बोलणेच खुंटले. परंतु दार लॉक न होण्याच्या तक्रारीत कार्डाकडे सर्वांत शेवटी वळायचे असते. ही परीक्षा कोणत्या क्रमाने करावी, ते आज पाहू.

आधी हे लॉक असतेच कशासाठी? मशीन १२०० फेऱ्यांच्या वेगाने कपडे पिळत असेल व ड्रमचा व्यास ४८ सेंटिमीटर असेल, तर ड्रमची कड एका मिनिटात सुमारे १८०० मीटर धावते. ताशी हिशोब केला तर साधारण १०८ किलोमीटर. एवढ्या वेगातल्या ओल्या कपड्यात एखाद्या मुलाचा हात गेला तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. म्हणून दार पक्के झाल्याखेरीज मोटरला, पाण्याच्या व्हॉल्व्हला आणि हीटरला वीजच मिळू नये, अशी योजना असते. लॉक हा वीजमार्गावरचा पहारेकरी आहे.

या पहारेकऱ्याचे काम मोठे मजेदार आहे. पुष्कळ मशीनमध्ये लॉकच्या आत एक लहानशी गोळी असते, तिला पीटीसी म्हणतात. वीज मिळाली की ती गरम होते. तिला चिकटून दोन धातूंची एक पट्टी असते. दोन्ही धातू उष्णतेने सारखे फुगत नाहीत, म्हणून पट्टी वाकते. वाकली की एक छोटी खिट्टी पुढे सरकते, दाराचा आकडा अडकतो आणि त्याच हालचालीत आतला विजेचा संपर्क जुळतो. एवढ्यासाठी बटण दाबल्यावर काही सेकंद थांबून ‘टक्’ असा आवाज येतो. काम संपल्यावर दार लगेच उघडत नाही, मिनिट-दोन मिनिटे लागतात, तेही याचमुळे : पट्टी थंड व्हायला वेळ लागतो. दुसऱ्या प्रकारच्या लॉकमध्ये विजेचे चुंबक असते. ते एका झटक्यात लागते व झटक्यात सुटते.

ही गोष्ट समजली की अर्धे निदान कानानेच होते. बटण दाबल्यावर आवाजच नाही, तर एक तर लॉकपर्यंत वीज पोहोचत नाही, किंवा लॉकची गोळी मेली आहे, किंवा दार मुळात पूर्ण लागलेलेच नाही. आवाज पुन्हापुन्हा येतो आणि शेवटी खुणेची अक्षरे येतात, तर लॉक प्रयत्न करते आहे पण खिट्टी आपल्या जागी बसत नाही. बहुधा आकड्याची किंवा बिजागरीची भानगड. दार पक्के झाले, ओढूनही उघडत नाही, तरी मशीन दार उघडे असल्याची तक्रार करते, तर आतला संपर्क जळालेला किंवा काळा पडलेला असण्याचा संभव मोठा. मेकॅनिकला फोन करताना ‘मशीन चालत नाही’ एवढेच न सांगता हे आवाजाचे वर्णन सांगावे. शहाणा कारीगर त्यावरूनच योग्य भाग पिशवीत घालून येतो आणि दुसरी फेरी वाचते.

आता हात लावण्याचे काम. पहिली पाळी दाराच्या रबराची, आणि इथे आम्हा कापडवाल्यांना थोडे अधिक बोलू द्यावे. नवा टेरी टॉवेल, मग तो सोलापूरचा असो वा कुठलाही, पहिल्या काही धुलाईत रोंवा सोडतोच. फ्लॅनेल, लोकरी शाल, स्वस्त होजिअरी यांचेही तेच. हा रोंवा साबणाच्या चिकट थरात मिसळून रबराच्या घडीत व लॉकच्या खाचेत बसतो आणि वाळला की पुठ्ठ्यासारखा कडक होतो. मग दार दिसायला लागते, पण आकडा एक-दोन मिलिमीटर बाहेरच राहतो. आकडा पूर्ण आत गेला नाही तर खिट्टीला सरकायला जागाच मिळत नाही. ओढणीची किनार, पायजम्याची नाडी, लहान मुलाचा मोजा रबर आणि काच यांच्यात अडकला तरी हाच परिणाम. ओल्या फडक्याने रबराची घडी चहूबाजूंनी पुसावी, आणि मशीनचा प्लग काढून खाच जुन्या दातांच्या ब्रशने कोरडी साफ करावी. खाचेत तेल मात्र घालू नये. तेल रोंवा धरून ठेवते, आणि पुढच्या धुलाईत पांढऱ्या कापडावर त्याचा डाग उतरला की तो काढताना नाकी नऊ येतात. मशीन ठासून भरणे हाही एक मोठा दोष. ड्रमच्या वरच्या भागात तळहात जाईल एवढी जागा सोडावी, नाहीतर कपडेच दाराला आतून ढकलतात.

यानंतर पाच मिनिटे प्लग काढून ठेवून मशीन पुन्हा सुरू करून पाहावे. वीज मध्येच गेली असेल तर कधी कधी एवढ्यानेच काम होते. चाइल्ड लॉकचा दिवा लागलेला नाही ना, तेही पाहून घ्यावे. या दोन गोष्टींवर अधिक शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

दार खाली झुकले आहे का, हे ओळखणे सोपे आहे. दार अर्धे उघडून दोन्ही हातांनी हलकेच वर उचलावे. खडखड हलले तर बिजागरीचे स्क्रू ढिले आहेत किंवा बिजागरी झिजली आहे. लॉकच्या खाचेच्या खालच्या कडेला घासल्याची चकचकीत खूण असेल तर संशयच नको. धुलाईच्या धंद्यात हे फार घडते, कारण उघड्या दारावर ओल्या चादरींचे गाठोडे टेकवण्याची सवय असते. घरात मुले दाराला लोंबकळतात. स्क्रू आवळून पाहावेत. मशीनचे चारही पाय फरशीवर सारखे टेकतात ना, हेही तपासावे.

मग आकडा. तो बोटाने दाबला की स्प्रिंगने परत आला पाहिजे. लुळा पडला असेल तर आतली स्प्रिंग किंवा पिन निसटली आहे. टोक तुटले असेल तर डोळ्यांना दिसतेच. अनेक मॉडेलमध्ये आकडा वेगळा विकत मिळतो आणि तो लॉकपेक्षाही स्वस्त असतो. यासाठी संपूर्ण दार बदलायला कोणी सांगितले तर ‘आकडा वेगळा मिळतो का?’ एवढा एक प्रश्न जरूर विचारावा.

यापुढचे काम ज्याला विजेची माहिती आहे त्यानेच करावे, आणि तेही प्लग भिंतीतून काढून. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. रबरावरची तारेची कडी काढून रबर एका बाजूला दुमडला की लॉकचे दोन स्क्रू सापडतात. तारा काढण्यापूर्वी मोबाइलने फोटो घ्यावा, कारण कुठली तार कुठे हा क्रम कंपनीगणिक बदलतो. पीटीसीच्या लॉकमध्ये फेज व न्यूट्रलच्या टोकांवर मीटर लावला तर थंड स्थितीत काहीशे ते काही हजार ओहम दाखवायला हवे. काहीच दाखवत नसेल तर गोळी गेली. फेज आणि तिसऱ्या टोकातला संपर्क लॉक सुटलेले असताना उघडा असला पाहिजे; तो जुळलेला दिसला तर आत तो चिकटून बसला आहे. टोके तपकिरी-काळी झाली असतील तर मीटरचीही वाट पाहू नये, लॉक बदलावे.

लॉक चांगले निघाले तर तारांकडे वळावे. आपल्या गल्ल्यांत उंदीर हा मशीनचा सर्वांत मोठा दुश्मन. अनेक मशीनचा तळ उघडा असतो, उंदीर आत शिरतो आणि लॉककडे जाणारी तार कुरतडतो. तळाला लावायची जाळी बाजारात मिळते, ती लावलेली बरी. आकडा, लॉक आणि तारा असे सर्व निर्दोष ठरल्यावरच कार्डाचे नाव घ्यावे.

आता एका गैरप्रकाराविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. भाग मिळत नाही किंवा गिऱ्हाईक घाईत आहे, म्हणून काही कारीगर लॉकच्या तारा परस्पर जोडून मशीन चालू करून देतात. गिऱ्हाईक खूश, मजुरीही मिळाली. परंतु आता ते मशीन दार उघडे असतानाही फिरू शकते. ज्या घरात रांगते मूल आहे, त्या घरात असा जोड देणे म्हणजे भोवऱ्याला सुरी बांधून मुलापुढे ठेवणे. एक दिवसासाठी सुद्धा हे करू नये आणि कोणी करू लागला तर करू देऊ नये. वरून उघडणाऱ्या मशीनच्या झाकणाच्या स्विचलाही हाच नियम लागू आहे.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या पैगंबर (स.) यांची हदीस आपल्या वाचकांना ठाऊक आहे. कापडाच्या ठाणात आतल्या घडीला डागी माल ठेवणारा आणि चांगले कार्ड काढून दुसऱ्याच्या मशीनला विकणारा, दोघेही त्याच ढिगाचे मालक. आपल्यातील अनेक मुले हा हुनर शिकत आहेत, ही आनंदाची बाब आहे. त्यांना आमची सूचना एवढीच की, काढलेला जुना भाग गिऱ्हाईकाच्या हातात द्यावा, मीटरचा काटा किंवा आकडा त्याला दाखवावा आणि तपासणीची मजुरी व भागाची किंमत बिलावर वेगवेगळी लिहावी. तपासणीचे पैसे मागण्यात संकोच नको. ती मेहनतीची हलाल कमाई आहे. ते मागायला लाजणाराच पुढे अनावश्यक भाग गळ्यात मारून भरपाई करतो.

गिऱ्हाईकाचीही एक बाजू आहे. नवा भाग मागवताना केवळ कंपनीचे नाव सांगून भागत नाही. दाराच्या आतल्या कडेला किंवा मशीनच्या मागे जे लेबल असते, त्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक द्यावा, कारण बाहेरून सारखी दिसणारी दोन लॉक आत वेगळी असू शकतात. नवा भाग बसल्यावर मेकॅनिकला लगेच निरोप देऊ नये. मशीन रिकामे ठेवून केवळ खळबळणे व पिळणे एवढा कार्यक्रम त्याच्यासमोर चालवावा, ‘टक्’ आवाज एकदाच येतो का ते ऐकावे, फिरत असताना दार उघडत नाही ना ते पाहावे, आणि काम संपल्यावर दोन-तीन मिनिटांत ते आपोआप सुटते का याची खात्री करूनच पैसे द्यावेत.