दक्षिण + सातारा = ?

डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलला 'शब्द जोडणे' हा पाच मिनिटांचा विषय वाटतो. पण व्हायव्हाला भले भले इथेच अडकतात. म्हणून आपल्याच भागाचं उदाहरण घेऊ.

१९४९ साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. समजा, टेबलात 'दिशा' आणि 'नाव' असे दोन कॉलम आहेत. ओरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये ते जोडायला मधे दोन उभ्या रेघा (||) देतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये अधिकचं चिन्ह, तर मायएसक्यूएलमध्ये कॉनकॅट फंक्शन. मायएसक्यूएलमध्ये सवयीने उभ्या रेघा टाकल्या तर तो त्यांचा अर्थ 'किंवा' असा घेतो आणि शब्दांऐवजी आकडा हातात देतो! मधली जागाही आपणच द्यायची: दिशा || ' ' || नाव. नाहीतर 'दक्षिणसातारा' छापून येतं.

आता खरी गंमत. १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं आणि उत्तर सातारा परत नुसता सातारा. म्हणजे दिशेच्या कॉलममध्ये नल. पोस्टग्रेसमध्ये वरचीच क्वेरी चालवा, उत्तर नल. अख्खा सातारा गायब! मायएसक्यूएलच्या कॉनकॅटचंही तेच. कारण नल म्हणजे रिकामं नव्हे, 'माहीत नाही'. माहीत नसलेल्याला काहीही जोडा, उत्तर माहीत नाहीच. ओरॅकल मात्र नल सोडून उरलेलं जोडतो.

जिल्ह्याचं एक वेळ ठीक, पण माणसाचं काय? मला कॉन्व्हेंटमध्ये नाव आणि आडनाव पुरायचं, इथे प्रत्येक फॉर्मवर वडिलांचं नाव लागतं. एखाद्याला आईनेच वाढवलं असेल आणि त्याने तो रकाना कोरा सोडला, तर मेसच्या यादीत त्याच्या जागी कोरी ओळ येईल. जेवणाच्या रांगेत त्याला ऐकावं लागेल, "तुझं नाव नाही." शिवाय मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरवला आहे. म्हणजे जोडायचे तुकडे चार!

उपाय सोपा आहे. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून कॉनकॅट_डब्ल्यूएस मिळतं. त्याला आधी मधली जागा सांगायची, मग कॉलम. नल असेल तो तुकडा ते वगळतं, जादा जागाही सोडत नाही.

तेव्हा क्वेरी सबमिट करण्याआधी एक नलवाली ओळ टाकून बघाच. त्या ओळीमागे आपल्यातलाच कुणीतरी असतो.