दूरसंचार यंत्रसामग्रीची निवड : दर, देखभाल आणि दूरदृष्टी

दूरसंचार सेवा पुरविणारी संस्था शासकीय असो वा खासगी, केंद्रातील स्विच, मनोऱ्यावरील रेडिओ संच, प्रकाशतंतूच्या टोकांवरील उपकरणे ही बहुतेक सामग्री तिला पुरवठादाराकडून विकत घ्यावी लागते. पुरवठादाराची निवड काही महिन्यांत होते. तिचे बरेवाईट परिणाम मात्र ग्राहकाला पंधरा-वीस वर्षे भोगावे लागतात. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर झाल्याची नोंद इतिवृत्तात झाली की कर्तव्य पार पडले, असे मानण्याची सवय अनेक कार्यालयांना जडलेली आहे. या सवयीची किंमत किती पडते, हे देशातील दूरध्वनीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

भाराचा अंदाज चुकला

बंगळूर येथे १९४८ साली इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना सुरू झाला. तेथे प्रथम ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने स्ट्रोजर पद्धतीची केंद्रे तयार होऊ लागली. ही यंत्रे अवजड व गोंगाट करणारी होती. पण बिघाड डोळ्यांना दिसे आणि कुशल कारागीर तो हाताने दुरुस्त करू शके. पुढे १९६४ मध्ये बेल्जियमच्या कंपनीशी करार होऊन पेंटाकाँटा या क्रॉसबार पद्धतीची निवड झाली. तंत्र नवे होते आणि युरोपात नावाजलेले होते.

अडचण निराळीच निघाली. ज्या देशांसाठी ही यंत्रणा आखलेली होती, तेथे घरोघरी दूरध्वनी असल्यामुळे एका जोडणीवरून दिवसाकाठी मोजकेच संभाषण होई. भारतात दूरध्वनी दुर्मिळ. एकाच जोडणीवर दुकान, शेजारी व सारी आळी विसंबून असे. प्रत्येक जोडणीवरील भार आखणीपेक्षा कितीतरी अधिक पडल्याने केंद्रे कोलमडू लागली. अखेर भारतीय अभियंत्यांना मूळ रचनेत सुधारणा करून भारतीय परिस्थितीला साजेशी क्रॉसबार पद्धती तयार करावी लागली. पुरवठादाराने खोटे सांगितले होते असे नव्हे. आपला भार किती, हा प्रश्न खरेदीदाराने करारापूर्वी पुरेशा नेटाने विचारला नव्हता.

खेड्यासाठी केंद्र

१९८२ मध्ये फ्रान्सच्या सीआयटी-अल्काटेल कंपनीची ई-१० बी ही डिजिटल पद्धती स्वीकारण्यात आली आणि उत्तर प्रदेशातील मनकापूर येथे कारखाना उभारण्यात आला. मोठ्या शहरांसाठी ही पद्धती उपयुक्त होती. पण हजारो जोडण्यांचे, वातानुकूलित दालन मागणारे केंद्र लहान गावाच्या काय कामाचे?

१९८४ च्या ऑगस्टमध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेपुढे नेमका हाच प्रश्न होता. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेला ३६ महिने व ३६ कोटी रुपये देण्यात आले. तिने तयार केलेले १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र वातानुकूलनाशिवाय, धुळीत व उन्हाळ्याच्या तापमानात चालेल असे आखलेले होते. असे केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे कार्यान्वित झाले. कित्तूर महाराष्ट्राच्या सीमेपासून फार दूर नाही. या केंद्राची रचना एकाच कारखान्याच्या मालकीची ठेवली गेली नाही. अनेक सरकारी व खासगी उत्पादकांना परवाने मिळाले. त्यामुळे एका कारखान्याचा पुरवठा थांबला तरी दुसरीकडून भाग मिळण्याची सोय राहिली.

अनेक पुरवठादार म्हणजे आपोआप सुरक्षितता, असेही समजू नये. नव्वदच्या दशकात देशाच्या जाळ्यात जर्मन, स्वीडिश, अमेरिकी, फ्रेंच व जपानी बनावटीची केंद्रे एकत्र नांदू लागली. प्रत्येकाचे सुटे भाग निराळे, आज्ञावली निराळी, प्रशिक्षण निराळे. स्पर्धेमुळे दर उतरले, पण भांडारपालाचे काम वाढले.

सात वर्षांचा हिशेब

दरांची तुलना कशी करावी, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल. समजा, 'अ' पुरवठादाराचा संच १० लाखांचा असून वीज व देखभालीवर वर्षाला दीड लाख रुपये खर्च येतो. 'ब' चा संच १२ लाखांचा, वार्षिक खर्च ८० हजार. खरेदीच्या दिवशी 'अ' दोन लाखांनी स्वस्त. सात वर्षांत मात्र 'अ' वर साडेवीस लाख आणि 'ब' वर १७ लाख ६० हजार खर्च होतात. निविदेतील दरपत्रकात वीज, सुटे भाग, आज्ञावलीच्या सुधारणा व प्रशिक्षण यांचे रकाने नसतील, तर हा फरक समितीपुढे येतच नाही.

दुसरी तपासणी परस्परमेळाची. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडणाऱ्या भारतनेट योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. तिच्यात तालुका पातळीवरील मुख्य उपकरणातून निघालेला तंतू विभागला जाऊन ग्रामपंचायतीतील टोकाच्या संचापर्यंत पोहोचतो. दोन्ही उपकरणे एकाच आंतरराष्ट्रीय मानकाची असली, तरी दोन कंपन्यांची असल्यास ती एकमेकांशी जुळतीलच अशी खात्री नसते. मुख्य उपकरण ज्याचे, त्याच्याच दाराशी पुढील प्रत्येक संचासाठी जावे लागण्याचा संभव असतो. म्हणून परस्परमेळाची अट लेखी असावी आणि प्रत्यक्ष जोडून दाखविल्यावरच देयक मंजूर व्हावे.

विश्वास आणि विलंब

दूरसंचार उपकरणातून देशाची गोपनीय माहितीही वाहत असते. यास्तव १५ जून २०२१ पासून परवानाधारक सेवासंस्थांवर विश्वसनीय स्रोतांकडूनच नवी सामग्री घेण्याचे बंधन आले. भारत संचार निगमाच्या चौथ्या पिढीच्या सेवेसाठीही देशी यंत्रणेचा आग्रह धरण्यात आला. आधीची निविदा २०२० मध्ये रद्द झाली. टीसीएस, तेजस नेटवर्क्स व सी-डॉट यांच्या यंत्रणेची चंडीगढ परिसरात चाचणी झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ही सेवा देशभर सुरू झाल्याची घोषणा झाली. दरम्यान, ऑक्टोबर २०२२ मध्ये खासगी कंपन्यांनी पाचवी पिढीही आणली होती. स्वावलंबन आले, पण वाट पाहण्याच्या काळात निगमाने ग्राहक गमावले. हा खर्च कोणत्याही दरपत्रकात नसतो आणि तरीही तो धरावा लागतो.

पंचायत सदस्य वा मुख्याध्यापक यंत्रे खरेदी करीत नाहीत. तथापि संच कोणत्या दिवशी बंद पडला, वीज होती की नव्हती, तक्रार केव्हा दिली व दुरुस्ती केव्हा झाली, या चार गोष्टींची नोंदवही कार्यालयात ठेवणे त्यांच्या हाती आहे. देखभाल करारातील दंडाची रक्कम ठरविताना आणि त्याच पुरवठादाराची पुढची निविदा तपासताना ही नोंदवही मागविता येते.