निषिद्ध स्वर आणि अर्थवाही शब्द : अजिंठा ते पैठण

अजिंठा घाटाच्या पायथ्याशी असलेल्या फर्दापूरहून लेण्यांकडे जाणारा अभ्यासक चित्रे पाहावयास जातो. त्या चित्रांत किती वाद्ये वाजत आहेत याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाचे चित्रण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मध्यभागी नर्तकी आणि तिच्याभोवती बासरी, टाळ व तालवाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्थूलमानाने वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळी हे काम झाले. ज्या विहाराच्या भिंतीवर ते आहे, तेथे राहणाऱ्या भिक्षूंना मात्र नृत्य, गीत व वादन यांपासून दूर राहण्याची आज्ञा होती.

हा विसंवाद उपदेश आणि आचार यांतील नेहमीचे अंतर म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण विनयपिटकाचा पुरावा काही वेगळे सुचवितो. चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. काही भिक्षू धम्माचे पठण लांबविलेल्या गायनस्वरात करू लागले, तेव्हा ‘आम्ही गातो तसेच हेही गातात’ अशी लोकांनी तक्रार केली. बुद्धाने अशा गायनाचे पाच दोष सांगितले. गाणारा स्वतःच्याच स्वरावर लुब्ध होतो आणि ऐकणारेही होतात, हे त्यांतील पहिले दोन. मात्र त्याच प्रकरणात पुढे ‘सरभञ्ञ’ म्हणजे सस्वर पठण करण्यास अनुज्ञा दिली आहे. म्हणजे निषेध स्वराचा नाही, तर शब्दापासून सुटलेल्या स्वराचा आहे. दीघनिकायातील सक्कपञ्हसुत्तात तर पंचशिख गंधर्व बुद्धासमोर वीणेवर चक्क प्रेमगीत गातो, आणि तारेचा नाद व गीताचा स्वर एकमेकांशी जुळल्याबद्दल बुद्ध त्याची वाखाणणी करतो.

हे लक्षात घेतले म्हणजे अजिंठ्याच्या चित्रकारांची दृष्टी उमगते. महाजनकाच्या महालातील संगीत हे त्याला सोडून जावयाचे आहे. सतराव्या लेण्याच्या ओसरीत आकाशमार्गाने येणाऱ्या इंद्रासोबतचे वादक मात्र वंदनासाठी निघाले आहेत. महालात जे बंधन, तेच आकाशात अर्पण. (महालातील वाद्यवृंद चित्रकाराने अधिक रसिकतेने रंगविला आहे, हे मान्य केलेच पाहिजे.)

ही शंका एकट्या बौद्ध धर्माची नव्हे. गायिलेल्या आशयापेक्षा गायनानेच आपण अधिक हेलावलो तर ते पाप होय, अशी कबुली संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात दिली आहे. इस्लाममध्ये कुराणाच्या पठणाला ‘संगीत’ म्हणण्याचे कटाक्षाने टाळले जाते. त्याचे नियम तजवीद या स्वतंत्र शास्त्रात येतात. याच जिल्ह्यातील खुलताबादला मात्र हा वाद चिश्ती परंपरेतील ‘समा’च्या, म्हणजे श्रवणाच्या, रूपाने प्रत्यक्ष जगला गेला. निजामुद्दीन औलिया यांची वचने ‘फवाइद-उल-फुआद’मध्ये संकलित करणारे अमीर हसन सिजझी येथेच चिरविश्रांती घेत आहेत. गाणारा, ऐकणारा, गायिलेला शब्द आणि वाद्य या चार अंगांनी समाची मर्यादा ठरते, असा त्या परंपरेचा विचार आहे. निजामुद्दीन यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) यांची समातील तल्लीनता एवढी प्रसिद्ध होती की त्यांच्या अनुयायांच्या नर्तनाला त्यांचेच नाव मिळाले. आपल्या दरबारातील गायन बंद करणाऱ्या औरंगजेबाची कबर (१७०७) त्यांच्याच शिष्याच्या, झैनुद्दीन शिराझी यांच्या, दर्ग्याच्या आवारात असावी, हा इतिहासातील योगायोग सूचक आहे.

खुलताबादपासून जवळच असलेल्या देवगिरीच्या उल्लेखाशिवाय ही चर्चा अपुरी राहील. यादव नृपती सिंघणाच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या प्रबंधाध्यायात ‘ओवी’ आणि ‘चर्या’ हे दोन्ही गीतप्रकार येतात. चर्या हे बौद्ध सिद्धांच्या गीतांचेही नाव आहे. ओवीची नोंद त्याहीपूर्वी, बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना गातात ते गीत म्हणून झाली आहे. तेव्हा ज्ञानेश्वरीच्या छंदाची पहिली ओळख छंदःशास्त्राने नव्हे, संगीताने आणि श्रमाने करून दिली आहे. आपले पाठ्यक्रम ओवीचा विचार चरण व अक्षरसंख्या यांच्या अंगाने करतात आणि तेथेच थांबतात.

देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे शिष्य एकनाथ (१५३३–१५९९) यांच्याकडे वळले म्हणजे या प्रश्नाचे मराठी उत्तर दिसते. नाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी यांची सोंगे भारुडात घेतली, ती त्यांच्या चालींसह आणि त्यांच्या ठेक्यांसह. गोंधळ्याचे संबळ ज्याच्या कानात आहे त्या श्रोत्याला ठेका ओळखीचा आणि अर्थ अनपेक्षित, असा अनुभव येतो. ‘सरभञ्ञा’ने स्वराला शब्दाच्या मर्यादेत ठेवले, नाथांनी लोकांच्या चालीलाच शब्द वाहून नेण्याच्या कामी लावले. कीर्तनातही गायन निरूपणाच्या पाठीशी उभे असते. टाळमृदंगाचा गजर थांबला की बुवा अर्थाकडे वळतात. छापील गाथेतून भारुड वाचणाऱ्या विद्यार्थ्याला रूपक तेवढे सापडते, कारण मुद्रणाने ठेका वगळलेला असतो. मग परीक्षेत प्रश्नही रूपकावरच येतो.

हे वगळणे अपरिहार्य होते काय? नामदेवांच्या मराठी अभंगांची छापील गाथा विषयवार लावलेली आहे. त्यांची गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेली ६१ पदे मात्र रागांच्या शीर्षकांखाली विभागलेली आहेत, कारण १६०४ मध्ये आदिग्रंथाचे संकलन करताना गुरू अर्जुनदेवांनी राग हेच रचनेचे तत्त्व ठरविले. नांदेडच्या गुरुद्वारात कीर्तन करणाऱ्या रागीला नामदेवांचे पद कोणत्या रागाखाली येते हे ग्रंथच सांगतो; मराठीच्या वर्गात तोच कवी शिकविणाऱ्या अध्यापकाला ते ठाऊक असण्याची गरज आजवर पडलेली नाही.