विमानाचे तिकीट केव्हा काढावे?

श्री घृष्णेश्वराच्या दर्शनासाठी दूरवरून येणारे अनेक भाविक छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर उतरतात. शहरापासून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर आहे. एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांच्या भाड्यांत एवढी तफावत का, असा प्रश्न त्यांना पडतो. त्याचे कारण समजले की तिकीट केव्हा काढावे, हेही उमगते.

१९९४ साली एअर कॉर्पोरेशन कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांना नियमित विमानसेवेची वाट मोकळी झाली. विमानातील जागा निरनिराळ्या भाड्यांच्या गटांत विभागलेल्या असतात. स्वस्त गटातील जागा संपल्या की पुढील महाग गट खुला होतो. अखेरच्या दिवसांत रिकाम्या जागा स्वस्त होतील, ही समजूत बहुधा फसवी ठरते. कारण त्या वेळी वाळूज-शेंद्रा येथील उद्योगांच्या कामासाठी निघालेले अथवा रुग्णांसोबत जाणारे निकडीचे प्रवासी मिळेल त्या भाड्याने तिकीट घेतात. येथील उड्डाणे मोजकी असल्याने हा भार अधिकच जाणवतो.

भाविकांची जमेची बाजू अशी की तिथी पंचांगात आधीच निश्चित असते. महाशिवरात्र, श्रावणी सोमवार अथवा दिवाळीची सुटी यांसाठी दोन-तीन महिने आधी, तर एरवी महिना-दीड महिना आधी तिकीट काढणे सामान्यतः हिताचे ठरते. उत्तर भारतातील श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो. त्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्रातील श्रावणी सोमवारांची गर्दी सुरू झालेली नसते, हे उत्तरेकडील भाविकांनी ध्यानी घ्यावे.

तिकीट काढताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. प्रथम एकट्याचे व नंतर सर्व कुटुंबाचे भाडे पाहावे. स्वस्त जागा तीनच उरल्या असतील व आपण पाच जण असाल, तर पाचही जणांना महाग भाडे लागू शकते. अशा वेळी तिकिटे दोन भागांत काढावीत. मुले व वृद्ध मात्र सोबत्यासह एकाच तिकिटावर ठेवावेत.

२. शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. तेथील, पुण्याचे व मुंबईचे भाडेही पडताळावे. मात्र पुढील गाडीखर्च व मुक्काम त्यात मिळवूनच तुलना करावी.

३. वृद्धांच्या प्रकृतीची खात्री नसल्यास सर्वांत स्वस्त तिकिटाचा मोह टाळून रद्द करण्याचे शुल्क आधी वाचावे. तिकीट परतावा न मिळणारे असले, तरी प्रवास न घडल्यास त्यातील वैधानिक कर व विमानतळ शुल्क परत मिळते. २०१६ पासून तसा नियम आहे. परंतु पुष्कळ जण ही रक्कम मागतच नाहीत. ती अवश्य मागावी.

तारीख व सोबती निश्चित झाले आणि भाडे आपल्या ऐपतीत बसले, की तिकीट काढून मोकळे व्हावे. आपली यात्रा सुखरूप पार पडो.