आधी झऱ्यापाशी जा

शास्त्रपाठ : २ राजे २:१९-२२



या तिमाहीचा अभ्यास पाण्यावर आहे. तो मंडळीत, महिला संघात किंवा घरच्या प्रार्थनासभेत वाचावा. शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.

आपला शास्त्रपाठ फक्त चार वचनांचा आहे. यरीहो नगरातले लोक अलीशा संदेष्ट्याकडे येतात. आमचे नगर चांगल्या जागी वसले आहे, पण इथले पाणी वाईट आहे आणि जमीन फळ धरत नाही, असे ते त्याला सांगतात. अलीशा एक नवे भांडे आणि त्यात मीठ मागतो, झऱ्याच्या उगमापाशी जातो, तिथे ते मीठ टाकतो आणि हे पाणी परमेश्वराने बरे केले आहे असे जाहीर करतो. यरीहोत आजही एक मोठा झरा अलीशाचा झरा म्हणून दाखवतात.

या वचनांत मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, गावातल्या लोकांनी आपले दुखणे स्वतः सांगितले आणि संदेष्ट्याने ते ऐकून घेतले. दुसरी, तो घरोघरच्या घागरींकडे न जाता पाणी जिथून येते तिथे गेला. तिसरी, पाणी सर्वांसाठी बरे झाले आणि गौरव देवाला मिळाले. मारेगाव परिसरातल्या आपल्या सेवेला या तिन्ही गोष्टी लागू पडतात.

पाण्याचे दोन आजार

मारेगाव हे यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागातले, वणीजवळचे तालुक्याचे गाव. गावात नगर पंचायत आहे, नळ आहेत. आजूबाजूच्या खेड्यांत आणि पोडांवर गोंड, कोलाम, परधान बांधव राहतात. त्यांतले कोलाम हे कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या तीन अति असुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहेत. कुणाच्या दारात नळ आहे, कुणी हातपंपावर जातो, कुणी विहिरीवर.

घरभेटीत पाण्याचा विषय काढला की मला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : पाणी चांगले आहे, गढूळ नाही, वास नाही. ही तपासणी डोळ्यांची आणि नाकाची झाली. पण पाण्याला दोन वेगळे आजार असतात, आणि दोन्ही बहुधा दिसत नाहीत.

पहिला आजार जंतूंचा. गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर, कॉलरा हे त्यातून येतात. त्याचा परिणाम काही तासांत, दिवसांत किंवा फार तर काही आठवड्यांत कळतो. पाणी उकळले किंवा त्यात योग्य प्रमाणात क्लोरीन घातले, तर यातले बहुतेक जंतू मरतात.

दुसरा आजार विरघळलेल्या क्षारांचा. त्यातला आपल्या भागाचा मुख्य क्षार फ्लोराइड. त्याला रंग नाही, वास नाही, पिताना चवही लागत नाही, आणि परिणाम दिसायला वर्षे लागतात. यरीहोत मीठ हे बरे होण्याचे चिन्ह ठरले. आपल्याकडे खडकातून पाण्यात उतरलेला क्षारच दुखण्याचे कारण होतो.

फ्लोराइड काय करते

भारतात या रोगाची नोंद प्रथम १९३७ साली नेल्लोर भागातून झाली. महाराष्ट्रातल्या फ्लोराइडबाधित जिल्ह्यांत यवतमाळचे नाव आहे. आपल्या शेजारच्या पांढरकवडा परिसरातल्या भूजलातील फ्लोराइडवर २००७ साली शास्त्रीय अभ्यासही प्रसिद्ध झाला. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येते. त्यापुढचे पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरू नये. अंघोळ आणि धुणीभांडी त्यात करायला हरकत नाही.

लहान मुलांचे कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत असतात, तेव्हा म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, जास्त फ्लोराइड पोटात गेले तर दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे येतात, पुढे पिवळे-तपकिरी डाग पडतात. घासून ते जात नाहीत. शाळेत अशा मुलांना दात घासत नाही म्हणून रागावले जाते, तेव्हा दोष मुलाचा नसून पाण्याचा असतो. तेच पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास मान, पाठ, गुडघे आखडतात. माणूस वाकतो, त्याला मजुरी जमत नाही. हाडांचे हे नुकसान औषधाने भरून निघत नाही. पाणी बदलले तर ते पुढे वाढायचे थांबते. म्हणून आज जे मूल दोन वर्षांचे आहे, त्याच्यासाठी आपल्या हातात थोडीच वर्षे आहेत.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटते आणि क्षाराचे प्रमाण थोडे वाढते. नायट्रेटचेही तसेच. रासायनिक खत आणि शौचखड्ड्यांतून ते पाण्यात उतरते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला ते विशेष धोक्याचे आहे. पण हे वाचून कुणी पाणी उकळणे बंद करू नये. जंतू आजच आजारी पाडतात, त्यामुळे तो बंदोबस्त हवाच. क्षाराचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.

बोअर देण्यापूर्वी

आपले वाचक उदार आहेत. एखाद्या पोडावर पाणी नाही असे कळले की कुणीतरी बोअर मारून देण्याची इच्छा दाखवतो. अशा दात्यांना माझी नम्र विनंती आहे : बोअरच्या खर्चात तपासणीचा खर्च धरा, आणि अहवाल येईपर्यंत हातपंपाचे उद्घाटन करू नका.

याला कारण आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात खेडोपाडी हातपंप आले. उघड्या विहिरीपेक्षा ते जंतूंच्या दृष्टीने सुरक्षित होते आणि त्यांनी अनेकांचे जीव वाचवले. पण खोलवरचे पाणी खडकात फार काळ साठून असते, आणि ज्या खडकात फ्लोराइड आहे तिथे ते पाण्यात उतरते. बांगलादेशात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. जुलाब-कॉलरापासून सुटका व्हावी म्हणून तिथे लाखो नळविहिरी खणल्या गेल्या, आणि १९९३ साली त्यांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे उघड झाले. पुढे तिथे तपासणी करून धोक्याच्या पंपांना लाल आणि चांगल्या पंपांना हिरवा रंग दिला गेला. देणाऱ्यांचा हेतू शुद्धच होता. पाणी तपासायचे तेवढे राहून गेले.

फ्लोराइड एका बोअरमध्ये जास्त आणि शंभर पावलांवरच्या दुसऱ्या बोअरमध्ये कमी असू शकते. म्हणून शेजारच्या अहवालावर आपले पाणी चांगले ठरवू नये. प्रत्येक स्रोत वेगळा तपासावा. ज्या हातपंपात फ्लोराइड जास्त निघेल त्यावर लाल पट्टा मारावा, आणि ते पाणी फक्त वापरायला आहे हे पोडावरच्या लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावे.

नळापासून पेल्यापर्यंत

उगमाचे पाणी चांगले असले तरी घरात येईपर्यंत ते बिघडू शकते. त्यासाठी काही साध्या गोष्टी :

१. नळ दिवसभर नसतो. पाणी बंद असताना पाइप रिकामा राहतो आणि गळक्या जोडातून नालीचे पाणी आत शिरते. नळाला थेट टिल्लू पंप लावला की हे शोषण आणखी वाढते, आणि दूषित पाणी आपल्या घरी तसेच शेजाऱ्याच्या घरीही जाते. ओल्या जमिनीवर उघड्या वायरचा पंप लावताना विजेचा धक्का बसण्याची भीती असते ती वेगळीच. टिल्लू पंप लावू नये. नळ आल्यावर पहिले पाणी पिण्यासाठी भरू नये.

२. नळाच्या शेवटच्या टोकाच्या घरीही पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. ओटी टेस्टमध्ये थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. गावात ही टेस्ट जलसुरक्षक करतो. आपल्या घरी करायला त्याला बोलवावे.

३. पिण्याचे भांडे झाकलेले आणि उंचावर असावे. पाणी दांड्याच्या ओगराळ्याने काढावे, हात बुडवू नये. शंका असेल तेव्हा पाणी गाळून क्लोरीनची गोळी टाकावी. किती लिटरला एक गोळी ते पाकिटावर लिहिलेले असते. अर्धा तास थांबून मग प्यावे. टीसीएल पावडर मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि संडास धुण्याच्या ॲसिडजवळ ठेवू नये, कारण दोन्ही मिसळले की विषारी वायू निघतो.

४. फिल्टर विकणारे घरी येऊन पाण्यात दोन सळ्या बुडवतात आणि पाणी तांबूस होते. तो रंग बहुतेक सळीच्या लोखंडाचा असतो, पाण्यातल्या घाणीचा नव्हे. टीडीएस मीटरही सगळे क्षार मिळून किती ते सांगते, फ्लोराइड किती ते सांगत नाही. मेणबत्तीचा किंवा नुसत्या यूव्हीचा फिल्टर फ्लोराइड काढत नाही. आरओ काढते, पण त्याची जाळी वेळेवर बदलावी लागते. विकतच्या थंड पाण्याच्या जारबद्दलही अहवाल विचारावा. थंड म्हणजे शुद्ध नव्हे.

मंडळीने काय करावे

नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत तयार केली. ती उपयोगी आहे, पण दोन्हींचे प्रमाण पाणी तपासून ठरवावे लागते. अंदाजाने घरी करू नये. ॲक्टिव्हेटेड अल्युमिनाचे फिल्टरही चालतात, मात्र काही काळाने ते पुन्हा कार्यक्षम करावे लागतात, नाहीतर नुसती टाकी उभी राहते. म्हणून यंत्र देणाऱ्याने ते सांभाळणारा माणूसही ठरवून द्यावा.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आहे त्यातला चांगला स्रोत शोधणे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे किट वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या महिला कोण, हे ग्रामपंचायतीत विचारावे. नगर पंचायतीकडे नळाच्या पाण्याचा अहवाल लेखी मागावा. त्यात फ्लोराइड आणि नायट्रेटचे आकडे आहेत का ते पाहावे. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसते. स्वच्छ छतावरचे, पहिली सर सोडून धरलेले पाणी झाकलेल्या टाकीत साठवले आणि क्लोरीन घालून वापरले, तर एका घराचे पिण्याचे काही महिने निघतात. आहारात दूध-ताक, तीळ, शेवग्याचा पाला, तरोट्याची भाजी, आवळा असावा. त्यातले कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व शरीराला मदत करतात, पण ते चांगल्या पाण्याला पर्याय नाहीत.

प्रियांनो, तहानलेल्याला पाण्याचा पेला देणे ही प्रभूची सेवा आहे, हे आपण लहानपणापासून शिकलो. त्या पेल्यात काय आहे हे विचारणे हा त्याच सेवेचा भाग आहे. यरीहोचे लोक बोलले म्हणून झरा बरा झाला. पोडावरची आई गुडघे दुखतात म्हणते, मुलाचे दात दाखवते, तेव्हा ती आपल्याला तेच सांगत असते.

चर्चेसाठी प्रश्न

१. अलीशा घागरींकडे न जाता झऱ्यापाशी का गेला असेल? आपल्या सेवेत आपण कुठे फक्त घागरीच भरतो?
२. आपल्या घराच्या पाण्याचा स्रोत कोणता? तो शेवटचा कधी तपासला?
३. आपल्या मंडळीच्या ओळखीच्या पोडावर आठ वर्षांच्या आतली किती मुले आहेत आणि ती कोणते पाणी पितात?

प्रार्थनेचे विषय

पाणी तपासणाऱ्या महिलांसाठी, जलसुरक्षक आणि आशाताईंसाठी, फ्लोराइडने वाकलेल्या वडीलधाऱ्यांसाठी, आणि येत्या पावसाळ्यात प्रत्येक पोडाला सुरक्षित पाण्याचा एक तरी स्रोत मिळावा यासाठी प्रार्थना करावी.