होळीवर पेट्रोल ओतावे का?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या होळीत लाकडे ओलसर असली की मुले बाटलीने पेट्रोल ओततात. थोडेसे चालते का?
– एक वाचक, वाशी

उत्तर : थोडेसेही नको. पेटते ती पेट्रोलची वाफ, आणि ती उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते. रॉकेलला त्यासाठी साधारण ३८ अंशांहून जास्त तापमान लागते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, म्हणून जमिनीलगत पसरते. तुम्ही काडी ओढेपर्यंत ती पायांशी पोचलेली असते आणि एकदम भडका उडतो. जळत्या होळीवर किंवा निखाऱ्यांवर ओतले, तर आग धारेवरून थेट हातातल्या बाटलीपर्यंत येते.

त्याऐवजी तळाशी पेंढा, सुक्या झावळ्या आणि गोवऱ्या रचून कापराने पेटवा. ओलसर लाकडे नंतर लावा. वाळूच्या बादल्या आणि पाण्याचा पाइप हाताशी असू द्या.

कपड्यांनी पेट घेतलाच, तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे नळाचे पाणी सोडा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका. आगीसाठी १०१ वर फोन करा. भाजलेल्यांवर उपचार करणारे नॅशनल बर्न्स सेंटर ऐरोलीतच आहे.